सम हलवायची नाही

ढोलकीवाले मामा सकाळी दहाला आले. मी पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचंही बटण दाबून आलो. एप्रिलचं पुणं. मामांनी उपरण्याने कपाळ पुसलं, ढोलकी मांडीवर घेऊन सूर पाहिला आणि विचारलं, "किती वेळ वाजवायचं?"

"चार सेकंद."

मी चुकून बोललो असं त्यांना वाटलं. उभं आयुष्य फडात आणि ऑर्केस्ट्रात गेलेला माणूस. चार सेकंदांसाठी दोन बस बदलून यायला कोण सांगतं? मी खुलासा केला. केरवा हवा आहे, एकच आवर्तन. आठ मात्रा, एका मात्रेला अर्धा सेकंद. त्यांच्या एका कानात मेट्रोनोमची टिकटिक लावून दिली. ते हसले आणि सलग पाच-सहा मिनिटं वाजवत राहिले. त्यातलं मला आवडलेलं एक आवर्तन मी बाजूला काढलं: धा गे ना ती, ना के धी ना.

मग लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. आवर्तनाचे आठ तुकडे केलेले होते आणि दर अर्ध्या सेकंदाला यंत्र चिठ्ठी उचलल्यासारखा त्यातला कुठलाही एक तुकडा वाजवत होतं. ना ना गे धी धा ती धा के. मामांची बोटं आपोआप मोजायला लागली. दुसऱ्या आवर्तनात बोट जरा रेंगाळलं, तिसऱ्यात थांबलं.

"सर, यात सम कुठाय?"

मी म्हटलं, यंत्राला सम माहीत नाही.

"मग ते वाजवतंय कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवाज चिरून त्याचे तुकडे नव्या क्रमाने लावण्याची कला पाऊणशे वर्षांची आहे. पॅरिसच्या रेल्वे स्थानकापासून लंडनच्या नाइटक्लबपर्यंत तिने संगीताचं बरंच काही बदललं. तिच्याबद्दल मी वाचलं होतं, तिचे कार्यक्रम ऐकले होते, हौसेने हातही घातला होता. पण मामांचा प्रश्न आला आणि ते सगळं नव्याने तपासावं लागलं.

चौकटी आणि तारा

मी जे वापरत होतो त्याचं नाव प्युअर डेटा. हे प्रोग्रॅमिंगच आहे, पण त्यात ओळीच्या ओळी लिहायच्या नसतात. पडदा कोरा असतो. त्यावर छोट्या चौकटी ठेवायच्या, प्रत्येकीत एखाद-दुसरा शब्द लिहायचा आणि एका चौकटीतून दुसरीत तार ओढायची. तयार झालेल्या जाळ्याला पॅच म्हणतात. हा शब्द जुन्या सिंथेसायझरवरून आला. त्यांच्या दर्शनी पाटीवर भोकं असत आणि कुठल्या भोकातून कुठल्या भोकात तार जाते त्यावर आवाज ठरे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून तारा टोचणाऱ्या ऑपरेटर बाई ज्यांनी जुन्या चित्रपटांत पाहिल्या आहेत, त्यांना कल्पना येईल.

टेलिफोनशी नातं इथे संपत नाही. संगणकाकडून आकड्यांतून आवाज घडवून घेण्याची सुरुवात अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, बेल लॅब्जमध्ये झाली. १९५७ साली मॅक्स मॅथ्यूज या इंजिनिअरने आयबीएमच्या अवाढव्य यंत्राकडून सतरा सेकंदांचा एक तुकडा वाजवून घेतला. त्यानंतर तीसेक वर्षांनी पॅरिसमध्ये संगीतकार पिएर बुलेझ यांनी उभारलेल्या इर्काम या संस्थेत मिलर पकेट नावाचा तरुण अमेरिकन गणिती काम करत होता. इर्कामचे स्टुडिओ जमिनीखाली आहेत, पोम्पिदू केंद्राला लागून. फिलिप मानुरी या संगीतकाराला पियानो वाजत असतानाच त्याच्या स्वरांवर प्रक्रिया करणारं यंत्र हवं होतं. त्याच्या 'प्लुतों' या १९८८च्या रचनेसाठी पकेटने चौकटी आणि तारांची ही भाषा वापरात आणली. पुढे मॅथ्यूजच्या सन्मानार्थ तिचं नाव 'मॅक्स' ठेवण्यात आलं.

मॅक्स १९९० साली बाजारात आलं. तेव्हा ते स्वतः आवाज काढत नव्हतं, दुसऱ्या यंत्रांना हुकूम सोडायचं. घरातल्या संगणकावर प्रत्यक्ष आवाज हाताळण्याची सोय १९९७च्या सुमारास आली. तोपर्यंत पकेट कॅलिफोर्नियात प्राध्यापक झाला होता आणि १९९६ साली त्याने त्याच कल्पनेवर प्युअर डेटा हे दुसरं सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटायला सुरुवात केली होती. मॅक्स आजही विकत घ्यावं लागतं, प्युअर डेटाला पैसे पडत नाहीत. ऑटेकर या ब्रिटिश जोडगोळीचं कित्येक वर्षांचं काम मॅक्सच्या पॅचमधून आलं आहे. माझ्यासारख्या हौशी माणसाला फुकटातलं प्युअर डेटा पुरतं.

मामांना दाखवलेला पहिला पॅच अगदी साधा होता. संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग. प्रत्येक आकडा उणे एक ते अधिक एक यांच्या मधला आणि एका सेकंदात असे ४४,१०० आकडे. इंग्रजीत या प्रत्येक आकड्यालाही सॅम्पल म्हणतात आणि उचललेल्या आवाजाच्या तुकड्यालाही सॅम्पलच म्हणतात. गोंधळ नको म्हणून मी आकड्याला नमुना म्हणेन. चार सेकंदांचे नमुने झाले १,७६,४००. त्यांचे आठ सारखे भाग केले की एका मात्रेला २२,०५०.

सगळ्यात वरच्या चौकटीत लिहिलं होतं 'मेट्रो ५००'. ती दर ५०० मिलिसेकंदांनी खालच्या तारेत एक टोला सोडते. प्युअर डेटात त्या टोल्याला बँग म्हणतात. बँग जातो 'रँडम ८' या चौकटीत. तिथून शून्य ते सात यांपैकी एक आकडा पडतो. तो २२,०५०ने गुणला की रांगेत कुठून वाचायला लागायचं ते कळतं. त्याखालची चौकट तिथून पुढचे २२,०५० नमुने अर्ध्या सेकंदात वाचते आणि स्पीकरकडे पाठवते. ज्या चौकटींतून प्रत्यक्ष आवाज वाहतो त्यांच्या नावापुढे लाटेसारखी एक वेलांटी असते आणि त्यांच्या तारा जाड दिसतात. पाच-सहा चौकटी, तितक्याच तारा. वीस मिनिटांत मांडून झालं.

आणि ते वाईट वाजत होतं. सम नव्हती हे झालंच. पण त्याशिवाय प्रत्येक तुकड्याच्या सांध्यावर 'टक' असा बारीक आवाज यायचा. सातवा तुकडा तर ढोलकीचा वाटतच नव्हता, कुणी दाराआडून खोकल्यासारखा यायचा. कारण शोधायला मी आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेलो.

पंचेचाळीस अंशांचा काप

तिथे आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांची सगळी नोकरी टेप कापण्यात गेली. त्यांनी कपाटातून एक अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा काढला, वीतभर लांबीचा. त्यात टेप नीट बसेल अशी उभी खाच आणि तिला छेदणारी एक तिरकी चीर. सोबत ब्लेडचं पाकीट आणि मेणाची पिवळी पेन्सिल.

काकांनी दाखवलं ते असं. दोन्ही रिळं हातांनी मागे-पुढे हलवायची. शब्द वाजतो, पण म्हशीसारखा हंबरत. हवं ते अक्षर जिथे सुरू होतं तिथे हेडसमोर टेपवर पिवळी खूण करायची. टेप ठोकळ्यात बसवून तिरक्या चिरेतून ब्लेड ओढायचं. दोन टोकं भिडवून वरून चिकटपट्टी लावायची आणि नखाने घासायची. वक्त्याचा खोकला गेला, अडखळणं गेलं. श्वास मात्र ठेवायचा. भाषणातले श्वास काढले की ऐकणाऱ्याला गुदमरायला होतं, असं ते म्हणाले. कापलेली शांतताही ते फेकत नसत. त्याच सभागृहाच्या शांततेचा वीतभर तुकडा पुढे कुठेतरी लागायचाच, म्हणून तो टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायचा.

मी विचारलं, चीर तिरकी का? सरळ कापली तर टक असा आवाज येतो, ते म्हणाले. कारण त्यांना ठाऊक होतं, हिशोब मी घरी येऊन केला. टेपची रुंदी पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पंचेचाळीस अंशांत कापली तर काप लांबीतही तेवढाच पसरतो. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने जाणाऱ्या टेपवर हे अंतर पार व्हायला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात पहिला आवाज हळूहळू मावळतो आणि दुसरा हळूहळू उगवतो. माझ्या पॅचमध्ये काप सरळ होता. एका तुकड्याचा शेवटचा नमुना ०.४ आणि पुढच्याचा पहिला उणे ०.३ असेल, तर स्पीकरचा पडदा एका क्षणात तेवढी उडी मारतो. तोच 'टक'. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना पाच मिलिसेकंदांचा चढ-उतार दिल्यावर टकटक गेली. काकांच्या ठोकळ्यातली चीर मी आकड्यांत उतरवली होती, इतकंच.

सातव्या तुकड्याचं कोडं जुनं होतं आणि त्याचं उत्तर फ्रान्समध्ये कधीच मिळालेलं होतं. पिएर शेफर हे फ्रेंच रेडिओतले इंजिनिअर. १९४८ साली पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर त्यांनी आगगाड्यांचे आवाज मुद्रित केले आणि त्यांचे तुकडे जोडून एक रचना केली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती रेडिओवरून ऐकवली गेली. त्यांच्याआधी, १९४४ साली, कैरोमध्ये हलीम अल-दब यांनी झार नावाच्या विधीतला गाण्याचा आवाज तारेवर मुद्रित करून स्टुडिओत असाच पालटून पाहिला होता. शेफर यांच्याकडे सुरुवातीला टेपही नव्हती, तबकड्याच होत्या. तबकडीची खाच स्वतःत मिटवून घेतली की सुई त्याच वर्तुळात फिरत राहते आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा येतो. लूप म्हणतात तो हाच.

शेफर यांच्या प्रयोगांतला सगळ्यात उपयोगाचा एका घंटेवरचा होता. घंटेवर टोल पडतो तो पहिला क्षण त्यांनी काढून टाकला आणि फक्त नंतरचा निनाद ठेवला. ऐकणाऱ्याला ती घंटा ओळखू येईना. वाद्याची ओळख बरीचशी त्याच्या पहिल्या आघातात असते, सूर त्यानंतर येतो.

मी मामांच्या आवर्तनाची रांग मोठी करून पाहिली. सातवी मात्रा, 'धी'. माझ्या हिशोबाने ती १,३२,३००व्या नमुन्यावर सुरू व्हायला हवी होती. मामांचा हात १,३१,४००वर पडला होता. नऊशे नमुने आधी, म्हणजे सुमारे वीस मिलिसेकंद. मी सारखे आठ भाग करताना 'धी'चं डोकं उडवून सहाव्या तुकड्याच्या शेपटीला लावलं होतं. वीस मिलिसेकंद म्हणजे डोळ्याच्या पापणीलाही पुरत नाहीत, पण तेवढ्यात ढोलकीचा खोकला झाला.

मामा घाईत होते का? मी त्यांना फोनवर विचारलं. "आवर्तन संपत आलं की हात समेकडे ओढतो. नाही ओढला तर ते टिकटिक वाजतं, केरवा नाही वाजत." टिकटिक म्हणजे माझा मेट्रोनोम.

अटलांटातले सात सेकंद

जगात सगळ्यात जास्त चिरलं गेलेलं वाजवणं कुठलं, याचं उत्तर या क्षेत्रातला कुणीही न थांबता देतो. १९६९ साली द विन्स्टन्स या अमेरिकन बँडने एक तबकडी काढली. पुढच्या बाजूचं गाणं गाजलं, त्याला ग्रॅमी मिळालं. मागची बाजू भरायला त्यांनी 'आमेन, ब्रदर' नावाची गाण्याविना, नुसती वाद्यांवरची एक रचना वाजवली. अटलांटातल्या स्टुडिओत ती मुद्रित झाली. साधारण दीड मिनिट व्हायच्या आत बाकीची वाद्यं थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन चार बार, म्हणजे तिकडची चार आवर्तनं, एकटा वाजवतो. सुमारे सात सेकंद. मग सगळे परत येतात.

सतरा वर्षं त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये डीजेंसाठी निवडक जुन्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, त्यात हे आलं. नेमकी तेव्हाच आवाज साठवून बटणावर वाजवणारी यंत्रं, सॅम्पलर, हिपहॉप करणाऱ्या मुलांना परवडायला लागली होती. त्यांची स्मृती इवलीशी. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या यंत्रात जेमतेम दहा सेकंद मावत. मग मुलं ३३च्या वेगाची तबकडी ४५वर वाजवून आवाज भरत, म्हणजे जागा कमी लागे, आणि यंत्रात आल्यावर वेग उतरवत. त्यात आवाजाला जो खरखरीतपणा येई, तोच पुढे आवडीचा झाला. दहा सेकंदांच्या यंत्रात सात सेकंदांचे कोलमनचे ड्रम चपखल बसले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या पोरांनी ते सात सेकंद आणखी बारीक चिरले. प्रत्येक ठोका वेगळा, प्रत्येकाला कीबोर्डची वेगळी पट्टी, वेग मूळच्या मिनिटाला १३६ ठोक्यांवरून १६०च्या वर. त्यातून जंगल आणि ड्रम अँड बेस हे संगीतप्रकार उभे राहिले. तबलावादक तलवीन सिंग यांनी त्याच लंडनमध्ये या वेगाशेजारी तबला बसवला आणि १९९९ साली 'ओके' या अल्बमला ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. १९९४ साली स्टॉकहोममधल्या एका कंपनीने रीसायकल नावाचं सॉफ्टवेअर काढलं. ते ठोक्यांचे आघात स्वतः ओळखून तिथेच काप करतं. 'धी'चं डोकं उडवण्याची माझी चूक त्याने केली नसती.

कोलमनचे ते चार बार मी प्युअर डेटात घालून संथ करून ऐकले. दुप्पट वेळ लावून वाचलं की आवाज एक सप्तक खाली जातो, पण ठोके स्पष्ट होतात. पहिले दोन बार सारखे आहेत. तिसऱ्यात स्नेअर ड्रमचा शेवटचा ठोका तो अर्ध्या मात्रेने उशिरा देतो. चौथ्यात पहिला ठोका देतच नाही. जागा रिकामी सोडतो आणि अपेक्षेआधीच मोठी झांज वाजवतो. म्हणजे चिरून क्रम बदलण्याचं काम यंत्र यायच्या कितीतरी आधी त्याने स्वतःच्या हातांनी करून ठेवलं होतं. आणि रिकाम्या सोडलेल्या पहिल्या ठोक्यावर आपला पाय जमिनीवर पडतोच. समेवर त्याने टोला दिला नाही, पण समेची जागा त्याने बदलली नाही.

इथे मला मामांच्या प्रश्नाचं उत्तर दिसायला लागलं.

पॅच दुसऱ्यांदा

पॅच पुसून पुन्हा मांडला. या वेळी आठ सारखे भाग केले नाहीत. रांग डोळ्यांनी पाहून आणि कानांनी ऐकून प्रत्येक मात्रेची सुरुवात आणि शेवट हाताने टिपला. सोळा आकडे, दोन तक्त्यांत. यंत्राने तुकड्याचा क्रमांक काढला की एका तक्त्यातून सुरुवात येईल, दुसऱ्यातून शेवट, आणि 'पॅक' नावाची चौकट दोन्ही आकडे एकत्र करून पुढे पाठवेल.

चालू केलं आणि ढोलकी उलटी वाजायला लागली. कधी पुढे, कधी मागे, कधी चार मात्रा एकदम कोंबल्यासारखी चिरक्या आवाजात. दोन संध्याकाळी मी आकडे तपासले. आकडे बरोबर होते.

चूक तारांच्या क्रमात होती. प्युअर डेटातल्या बहुतेक चौकटींना वर दोन-तीन छिद्रं असतात. सगळ्यात डावं छिद्र गरम, बाकीची थंड, अशी तिथली भाषा आहे. थंड छिद्रात आकडा आला की चौकट तो नुसता लक्षात ठेवते. गरम छिद्रात आला की लगेच काम उरकून मोकळी होते. माझ्या पॅचमध्ये सुरुवातीचा आकडा आधी गरम छिद्रात पोचत होता आणि शेवटचा मागाहून थंड छिद्रात. चौकट थांबत नव्हती. नव्या तुकड्याची सुरुवात आणि जुन्या तुकड्याचा शेवट यांची जोडी लावून पाठवत होती. सहावा तुकडा निघाला आणि त्याआधी दुसरा वाजलेला असेल, तर वाचणं सहाव्यापासून दुसऱ्यापर्यंत मागे मागे धावायचं. एकाच चौकटीतून दोन तारा निघत असतील तर जी आधी ओढली ती आधी धावते, आणि पडद्यावर पाहून ते कळत नाही. 'ट्रिगर' नावाची चौकट मध्ये घातली. ती आधी उजवी तार चालवते, मग डावी. ढोलकी सरळ झाली. चित्र समोर दिसतं म्हणून प्रोग्रॅमही समोर दिसतो, हा या भाषेबद्दलचा माझा समज तेवढ्यात गळून पडला.

मग मुख्य काम. आठही तुकडे यंत्राच्या मर्जीवर सोडले आणि तोच तुकडा पुन्हा यायला मुभा दिली, तर होणाऱ्या आवर्तनांची संख्या १,६७,७७,२१६ होते. एकेक चार सेकंदांचं. न थांबता वाजवलं तर दोन वर्षं आणि दीड महिना. प्रत्येक तुकडा एकदाच यायचा असं बंधन घातलं तर ४०,३२०, म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस तास. आता 'धा' पहिल्या जागी, म्हणजे समेवर, खिळवून टाकला आणि उरलेले सातच फिरवले. ५,०४० आवर्तनं. पाच तास छत्तीस मिनिटं.

संख्या आक्रसत गेली तसं वाजवणं सुधारत गेलं. तबल्याच्या तालमीतलं हे जुनंच शहाणपण आहे. कायदा वाजवताना मूळ बोल ठरलेले असतात, पलट्यात बाहेरचा बोल घेता येत नाही. तेच बोल उलटसुलट होतात, पण भरी आणि खाली आपल्या जागा सोडत नाहीत आणि वादक समेवर येतो. शिकणारी मुलं एका कायद्याचे पलटे महिनोन् महिने घोटतात. सगळे शक्य क्रम वाजवावेत असं त्यांचा उस्ताद सांगत नाही. कुठले टाकायचे हेच तो शिकवतो. माझ्या यंत्रातली चिठ्ठी उचलणारी चौकट पलटा काढू शकते. उस्ताद व्हायला तिच्याभोवती बंधनं मांडावी लागतात आणि ती मांडणाऱ्याला केरवा यावा लागतो.

मी आणखी दोन चौकटी घातल्या. पाचव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, घुमणाऱ्या बोलाचा तुकडा येऊ द्यायचा नाही. आणि दर चौथं आवर्तन जसंच्या तसं, मामांनी वाजवलं तसंच जाऊ द्यायचं.

मामा पुन्हा आले. या वेळी पंखा चालू होता. त्यांनी बोटं मोजायला लावली आणि बोटं थांबली नाहीत. सातव्या-आठव्या आवर्तनाला एक वेडावाकडा क्रम निघाला, ना ना धी के ती अशी काहीतरी उतरंड, आणि 'धा'वर येऊन बसली. मामांनी मान हलवली. मग ढोलकी जवळ ओढून तोच क्रम हाताने वाजवायचा प्रयत्न केला. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा आला.

"हे मी नसतं वाजवलं," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "पण हात माझाच आहे ना?"

हात कुणाचा

हात कुणाचा, या प्रश्नाबाबत जगाचा अनुभव चांगला नाही.

ग्रेगरी कोलमनचे सात सेकंद हजारो गाण्यांत वाजले. जाहिरातींत वाजले, चित्रपटांत वाजले. त्याला त्यातून एक पैसा मिळाला नाही. २००६ साली तो अटलांटात वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर याच्याकडे गाण्याचे हक्क होते. आपली रचना जगभर चिरली जाते आहे हे त्याला १९९६च्या सुमारास कळलं, तोवर दावा लावायची मुदत टळून गेली होती. २०१५ साली ब्रिटनमधल्या दोघांनी लोकवर्गणी काढली आणि स्पेन्सरला २४,००० पौंड दिले. ती देणगी होती. कायद्याने मिळालेलं मानधन नव्हे.

आपल्याकडचं उदाहरण वेगळ्या वळणाचं आहे. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' हे गाणं गाजलं. त्यात मागे सतत एक आवाज फिरत राहतो आणि तो लता मंगेशकरांचा आहे. १९८१च्या 'ज्योती' चित्रपटातल्या 'थोडा रेशम लगता है' या गाण्यातला तुकडा, संगीत बप्पी लाहिरींचं. परवानगी घेतली नव्हती. लाहिरी लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि २००३ साली न्यायालयाने आदेश दिला की तबकडीवर त्यांचं नाव घातल्याशिवाय ती विकता येणार नाही. संगीतकाराच्या पाठीशी उभं राहायला कंपनी होती, वकील होते, करारांचे कागद होते.

तालवाद्य वाजवणाऱ्याकडे सहसा यातलं काहीच नसतं. चालीला कायदा ओळखतो, शब्दांना ओळखतो. ठेका तर सगळ्यांचाच. केरवा कुणाच्या नावावर नाही आणि नसावाही. पण सातव्या मात्रेवर वीस मिलिसेकंद आधी पडणारा हात एकाच माणसाचा असतो, आणि यंत्र जे उचलून नेतं ते नेमकं तेच. केरवा तर ते स्वतःही टिकटिक करून वाजवू शकतं.

आज बाजारात तबला, ढोलकी, संबळ, ताशा यांच्या तुकड्यांचे तयार गठ्ठे मिळतात. चित्रपटाचं पार्श्वसंगीत करणारा मुलगा ते उघडतो, हवा तो ठोका ओढून घेतो. त्याचं काम सोपं होतं, त्यात वाईट काही नाही. फक्त त्याने गठ्ठ्याच्या पाकिटावर एकदा पाहावं, वाजवणाऱ्याचं नाव कुठे छापलंय का.

माझ्या पॅचमध्ये आता एकोणचाळीस चौकटी आहेत. शेवटची मामा घरी गेल्यावर घातली. प्युअर डेटात तिला कॉमेंट म्हणतात. तिला छिद्र नसतं, तार जोडता येत नाही आणि आवाजावर तिचा काही परिणाम होत नाही. तिच्यात मामांचं पूर्ण नाव आहे, रेकॉर्डिंगची तारीख आहे, दोन्ही दिवसांच्या मानधनाचा आकडा आहे आणि तुकडे पुढे कुणाला द्यायचे झाले तर आधी त्यांना फोन करायचा, अशी एक ओळ आहे. फाइल उघडली की सगळ्यात वर तीच चौकट दिसते.